साइट साफ झाली, पण पेशंटना सांगणार कोण?

आधी प्रश्न थोडक्यात. ठाण्यात नौपाड्याला नवरा-बायकोची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), पेशंट मोबाइल नंबर आणि बिल नंबर टाकून रिपोर्टची पीडीएफ उतरवून घेतात. गेल्या आठवड्यात कोपरीच्या एका आजोबांच्या मुलीने फोन केला की रिपोर्टच्या पानावर गेलं की "रिपोर्ट पाहण्यासाठी हे अ‍ॅप इन्स्टॉल करा" असं येतं आणि एक एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकायची फाइल उतरते. डेव्हलपरने रात्रीतून साफसफाई केली आणि वर सल्ला दिला की आता कोणाला काही बोलू नका, उगाच बोभाटा होईल, फार तर फूटरमध्ये "व्हायरस वगैरेसाठी लॅब जबाबदार राहणार नाही" अशी एक ओळ टाकून देऊ. लॅबवाल्या ताई विचारतायत की पेशंटना सांगणं कायद्याने बंधनकारक आहे का, आणि सांगायचं तर काय आणि कसं.

ताई, सांगा. आजच सांगा. डेव्हलपरने केलं त्याने यापुढे येणारा माणूस वाचला, पण जो आधी येऊन ते अ‍ॅप टाकून गेला त्याच्या फोनमध्ये ते अजून तसंच बसलंय आणि त्याला पत्ताच नाहीये. ही गोष्ट आत्ता माहीत कोणाला आहे, तर ज्याने ते पेरलं त्याला आणि तुम्हाला. तो तर सांगणार नाही. मी वाशी-महापे-ठाणे पट्ट्यात छोट्या धंद्यांच्या साइट सांभाळायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि हा "साफ झालं ना, मग विषय संपला" वाला सल्ला मला जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतो.

असल्या एपीके काय करतात ते समजून घ्या म्हणजे घाई का ते कळेल. अ‍ॅप टाकताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि रिपोर्टच्या नादात माणूस "अलाऊ" दाबत जातो. मग बऱ्याचदा स्क्रीनवरचा आयकॉनच गायब होतो, म्हणजे माणसाला वाटतं अ‍ॅप चाललंच नाही, राहू दे. मागे मात्र येणारा प्रत्येक ओटीपी दुसऱ्याच कोणाकडे जात असतो. काही अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, ती दिली की स्क्रीनवर काय चाललंय ते दिसतं आणि माणसाच्या वतीने बटणंसुद्धा दाबता येतात. ई-चलान, लग्नपत्रिका, गॅसबिल, केवायसी, सगळ्या नावांनी हाच माल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तुमच्याकडे फरक एवढाच की तो तुमच्या साइटवरून आला, म्हणजे तुमच्या नावावर विश्वास ठेवून लोकांनी तो घेतला. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल न उघडणारी माणसंही लॅबच्या पानावर आलेली फाइल उघडतात.

तुम्ही लिहिलंय की "आम्ही स्वतः दहा वेळा साइट उघडली, आम्हाला काहीच दिसलं नाही, त्या बाईंच्याच फोनमध्ये काहीतरी असेल असं आधी वाटलं". हे दिसणारच नव्हतं. असा कोड मुद्दाम मालकापासून लपून राहील असाच लिहिलेला असतो. वर्डप्रेसमध्ये लॉगिन असलेल्या माणसाला दाखवायचं नाही, कॉम्प्युटरवर दाखवायचं नाही, गुगलवरून मोबाइलने आलेल्यालाच दाखवायचं, एकाला एकदा दाखवलं की पुन्हा नाही. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओचं प्रकरण झालं ते आठवत असेल तर बघा. जगभरच्या एक लाखाहून जास्त साइट ज्या स्क्रिप्टची लिंक आपल्या पानात घालून बसल्या होत्या त्याचं डोमेन त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्याच कंपनीने विकत घेतलं होतं आणि मग त्यातून मोबाइलवाल्यांना भलत्याच, सट्टेबाजीच्या साइटवर पाठवलं जायला लागलं. तेसुद्धा ठरावीक मोबाइलवर, ठरावीक वेळी, आणि समोर अ‍ॅडमिन आहे असं दिसलं की गप्प. साइटवाल्यांनी स्वतःच्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. तेव्हा पेशंट तक्रार करतोय आणि आपल्याला काही दिसत नाहीये, तर तक्रार खरी धरूनच चालायचं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये, गुगलवर लॅबचं नाव शोधून तिथून साइटवर गेलात तर दिसायची शक्यता जास्त.

आता तारखा. पेशंटला द्यायच्या सूचनेत सगळ्यात कामाची गोष्ट तारीख असते, कारण त्यावरून तो ठरवतो की हे माझ्यासाठी आहे की नाही. "काही काळापूर्वी साइटवर तांत्रिक अडचण आली होती" असं लिहिलंत तर वाचणारा पुढे सरकतो. ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर २०१८ मध्ये कार्डाचे तपशील चोरणारा कोड घुसला होता, तेव्हा त्यांनी लोकांना सांगताना २१ ऑगस्टची रात्री १०:५८ ते ५ सप्टेंबरची रात्री ९:४५ असा मिनिटावर काळ दिला होता. पुढे २०२० मध्ये तिथल्या नियामकाने त्यांना २ कोटी पौंडांचा दंड केला तो सुरक्षेतल्या हलगर्जीपणाबद्दल, ती गोष्ट वेगळी, पण सूचना अशी असली की माणूस आपलं बुकिंग काढून बघतो आणि लगेच कळतं की आपण त्यात आहोत की नाही.

तुम्हाला मिनिट नाही सापडणार, पण दिवस सापडू शकतो. त्यासाठी डेव्हलपरला आज, आत्ता एक फोन करा आणि विचारा की साफ करायच्या आधी जुन्या साइटची कॉपी ठेवली का. बहुतेक वेळा उत्तर "नाही, डिलीट केलं सगळं" असं येतं, आणि तिथेच खरा घोळ असतो. नसेल ठेवली तर होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (साइट सांभाळायचं पान) जाऊन रॉ अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं आणि काय उघडलं त्याची नोंद, उतरवून घ्या, स्वस्तातल्या होस्टिंगवर हे लॉग थोडेच दिवस राहतात आणि मग आपोआप उडतात. होस्टिंगवाल्याकडे रोजचे बॅकअप असतील तर ते एकेक करून उघडायचे आणि बघायचं की खराब फाइल कोणत्या दिवसाच्या बॅकअपमध्ये पहिल्यांदा दिसते. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफच्या गर्दीत एखादी पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, बसलेली असेल तर ती तिथे असायचं काही कारणच नाही, नाव कितीही निरागस असो. फाइलवरच्या तारखेवर मात्र भरवसा ठेवू नका, घुसणारे ती तारीख मागची करून ठेवतात, मग बाजूच्या फाइलींसारखीच दोन वर्षं जुनी दिसते. लॉगमध्ये त्या फाइलच्या नावाने शोधा, तिला पहिली हाक कधी मारली गेली ते सापडलं की तुमची तारीख मिळाली. गुगल सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गुगलचं मोफत साधन) जोडलेलं असेल तर त्यात सिक्युरिटी इश्यूज म्हणून पान असतं, तेही बघून ठेवा. एवढं करूनही पक्की तारीख नाही लागली तर शंका असलेला आधीचा दिवस धरायचा, नंतरचा नाही.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण कामात जे सारखं समोर येतं ते सांगतो. तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी आहेत आणि त्या लोक एकत्र करून टाकतात. एक, साइटवर येणाऱ्याच्या फोनला धोका झाला. दोन, साइटच्या आत पेशंटचे रिपोर्ट, नाव, नंबर पडलेले आहेत ते कोणी नेले का. पहिलं तर झालंच आहे. दुसरं झालं की नाही ते डेव्हलपरला लेखी विचारा, कारण ज्याने पीएचपी फाइल आत टाकली त्याला सहसा डेटाबेसचा पासवर्डही वाचता येतो, तो वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडाच लिहिलेला असतो.

सर्ट-इन म्हणून सायबर हल्ल्यांचं काम बघणारी जी सरकारी संस्था आहे तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. साइटमध्ये घुसून कोणी खराब कोड टाकला तर लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं, आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे. तुमचे ६ तास कधीच उलटून गेलेत, तरी कळवा, ईमेलने होतं, पैसे लागत नाहीत. पण हे सरकारला कळवणं झालं, पेशंटला सांगण्याबद्दल त्यात काही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ए आहे, त्यात संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळताना हयगय केली आणि कोणाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, आणि २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत स्पष्ट धरल्या आहेत. आमची कंपनी नाही, साधी प्रोप्रायटरशिप आहे, असं म्हणून सुटता येत नाही, व्याख्येत तीही येते. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मोठ्या जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतायत. त्यात मात्र डेटा फुटला तर प्रत्येक बाधित माणसाला विनाविलंब कळवायचं आहे, काय झालं, कधी झालं, काय परिणाम होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करा, आणि बोलायचं कोणाशी. दंडाचे आकडे कोटींत आहेत, २५० कोटींपर्यंत, ते तुमच्या लॅबला तेवढे लागतील असं नाही, पण कळवायचं की नाही हा पर्यायच तिथे ठेवलेला नाही.

माझं मत विचाराल तर तो कायदा पूर्ण लागू व्हायची वाट बघू नका. आजोबांच्या खात्यातून पैसे गेले आणि पुढे निघालं की तुम्हाला आठवडाभर आधी माहीत होतं, तर कोणत्या कलमात बसतं हा प्रश्न नंतरचा, आधी त्यांच्या मुलीला काय उत्तर देणार?

आता ती फूटरची ओळ. "व्हायरससाठी लॅब जबाबदार नाही" म्हणजे पे अँड पार्कच्या पाटीवर "वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत" असतं तसलं झालं, गाडीला कोणी ओरखडा काढून गेलाय हे डोळ्यांनी बघून गप्प बसलेल्याला ती पाटी वाचवत नाही. शिवाय आता घटना झाल्यावर ती ओळ टाकलीत तर उलटं दिसतं, पानाच्या जुन्या प्रती आणि बॅकअप असतात, तारीख निघते. नका टाकू.

सूचना साधी लिहा. मी तुमच्या जागी असतो तर साधारण अशी लिहिली असती, तारखा तुमच्या घाला:

"३ जूनच्या रात्रीपासून ११ जूनच्या सकाळपर्यंत आमच्या साइटवर बाहेरच्या व्यक्तीने घुसून एक खोटा संदेश टाकला होता. रिपोर्ट पाहण्यासाठी अ‍ॅप इन्स्टॉल करा असं त्यात लिहिलं होतं. ते अ‍ॅप आमचं नाही आणि ते धोकादायक आहे. या काळात तुम्ही फक्त पान उघडलं किंवा पीडीएफ रिपोर्ट घेतला असेल तर काही करायची गरज नाही. फाइल उतरली पण इन्स्टॉल केली नाही, तर ती डिलीट करा. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप इन्स्टॉल केलं असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, त्या फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप उघडू नका, आणि दुसऱ्या फोनवरून तुमच्या बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा. आयफोनवर हे अ‍ॅप चालत नाही. आमची लॅब रिपोर्टसाठी कधीही अ‍ॅप टाकायला सांगत नाही. मदतीसाठी लॅबमध्ये या किंवा रिपोर्टच्या कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करा."

यातले ते तीन प्रकार, नुसतं पान उघडलं, फाइल उतरली, अ‍ॅप टाकलं, हे वेगळे करणं फार गरजेचं आहे. नाहीतर ज्यांना काहीच झालेलं नाही असे सगळे घाबरून काउंटरवर येतात आणि ज्याने खरंच अ‍ॅप टाकलंय तो गर्दी बघून घरी जातो. एपीके नुसती उतरल्याने फोन जात नाही, ती उघडून, अनोळखी ठिकाणच्या अ‍ॅपला परवानगी देऊन, इन्स्टॉल करावी लागते. "फक्त पान उघडलं तर गरज नाही" हे वाक्य मात्र डेव्हलपरने तपासून हो म्हटल्यावरच टाका. काही साइटवर सोबत कॉम्प्युटरवाल्यांसाठी खोटा कॅप्चा असतो, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, विंडोज आणि आर दाबा, पेस्ट करा, एंटर मारा" असा, ज्याने तो केला त्याच्या ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन दोन्ही जातात, मग त्याला सगळीकडून लॉगआउट व्हायलाही सांगावं लागतं.

सूचना पाठवताना एक पथ्य, मेसेजमध्ये लिंक घालू नका. अजिबात. "तुमचा फोन धोक्यात आहे, इथे क्लिक करा" हाच तर ठगांचा मेसेज असतो, आणि तुमचा खरा मेसेज त्यांच्यासारखा दिसला तर शहाणी माणसं तो डिलीट करतील आणि भोळी माणसं पुढच्या वेळी ठगाच्या लिंकवर क्लिक करतील. तसंच साइटवर "तुमचा फोन तपासा" असं बटण किंवा उड्या मारणारा लाल पॉपअप नको. रिपोर्टच्या पानावर सगळ्यात वर, बिल नंबरच्या रकान्याच्या आधी, साधा मजकूर. तो निदान दोन-तीन महिने राहू दे, कारण माणूस पुढच्या तपासणीलाच परत येतो. कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर मराठी, हिंदी, इंग्रजीत छापलेला कागद लावा. आणि त्या तारखांना ज्यांचे रिपोर्ट तयार झाले त्यांची यादी तर तुमच्याकडेच आहे, त्यांना सरळ फोन करा. रिसेप्शनच्या मुलीला एक दिवस हेच काम द्या. वयस्कर पेशंट असेल तर रिपोर्ट बहुतेक मुलाने किंवा सुनेने उतरवलेला असतो, तेव्हा "रिपोर्ट कोणाच्या फोनवर बघितला" हे विचारायला सांगा, नाहीतर चुकीचाच फोन तपासला जातो. जे डॉक्टर तुमच्याकडे पेशंट पाठवतात त्यांनाही कळवा, त्यांना दुसरीकडून कळलं तर जास्त अवघड जाईल.

कोणी फोन घेऊन आलाच तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी काढायची, होम स्क्रीनवर शोधू नका. डिव्हाइस अ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे फोनवर जास्तीचा ताबा दिलेल्या अ‍ॅपच्या यादीत, ते अ‍ॅप असेल तर आधी तिथून काढा, मग अनइन्स्टॉल होतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी बंद करा, गुगलच्या प्ले प्रोटेक्टने फोन स्कॅन करा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, आणि कॉल दुसरीकडे वळवलेत का म्हणून ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग काढून टाका. तरीही शंका राहिली तर फोटो आणि नंबर बाजूला काढून फॅक्टरी रीसेट.

दुसरा एक प्रश्न तुमच्या प्रश्नातच दडलाय, की ज्यांच्या फोनमध्ये आधीपासूनच, दुसरीकडून आलेलं स्पायवेअर आहे त्यांनाही सावध करायची जबाबदारी साइटवाल्याची का? नाही, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. डीएनएस चेंजर नावाचा मालवेअर (फोन-कॉम्प्युटरला बाधा करणारं सॉफ्टवेअर) पसरला होता त्यात बाधित लोकांना गुगलने २०१२ मध्ये शोध-निकालांच्या वर पट्टी दाखवून सावध केलं होतं, पण त्यांना ते ओळखता आलं कारण त्या मशीनच्या, साइटचा पत्ता विचारणाऱ्या विनंत्या काही ठरावीक सर्व्हरमधून येत होत्या. तुमच्या लॅबच्या साइटला तसलं काही कळायचं साधन नाही. "आम्ही कधीच अ‍ॅप टाकायला सांगत नाही" एवढं एक वाक्य कायम ठेवा, तेवढी सावधगिरीची सूचना तुमच्या हातात आहे.

साइट खरंच साफ झाली का, तेही बघा. घुसणारा सहसा एकच दार ठेवत नाही. अ‍ॅडमिन युझरची यादी काढा, अनोळखी नाव असेल तर उडवा, सगळे पासवर्ड बदला, होस्टिंग आणि डेटाबेससकट, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. थीम (साइटचं रूप) किंवा प्लगिन (जादा सोयी देणारा जोड) कुठून आणलं ते डेव्हलपरला विचारा, पैसे वाचवायला "नल्ड" म्हणजे क्रॅक केलेली थीम टाकलेली असेल तर ती काढल्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे, दार त्याच थीममध्ये असतं. क्रोम तुमच्या साइटवर लाल इशारा दाखवत असेल तर तो साफसफाईनंतर सर्च कन्सोलमधून रिव्ह्यू मागितल्यावरच जातो, आणि अर्धवट साफ करून पुन्हा पुन्हा रिव्ह्यू मागू नका, साइट सारखी घाण होतेय असं दिसलं तर गुगल ३० दिवस रिव्ह्यूच मागू देत नाही. आणि हो, मोबाइल नंबर आणि ओळीने पडणारे बिल नंबर यावर रिपोर्ट उघडतोय हे पण बदला, ज्याला पेशंटचा नंबर माहीत आहे त्याने बिल नंबर पुढे-मागे करून बघितले तर रिपोर्ट मिळतो. ओटीपी लावा, दोन दिवसांचं काम आहे.

पेशंट तुटतील ही भीती मला समजते, शेजारच्या गल्लीत दुसरी लॅब आहेच. काही जण कुरकुर करतील. पण कोपरीच्या त्या ताईंनी तुम्हाला फोन करून सांगितलं, तशाच त्या सोसायटीच्या ग्रुपवरही सांगणार, कदाचित सांगून झालंही असेल, तेव्हा बातमी तुमच्याकडून गेलेली बरी.

डेव्हलपर बदलायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त त्याच्याकडून डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोलचं मालकी लॉगिन स्वतःच्या ईमेलवर आधी करून घ्या आणि लॉग हातात आल्याशिवाय भांडू नका.